हवालदाराची जागा

किस्से कोणी साठवायचे म्हणून साठवत नाही. आमच्या भांड्याच्या दुकानात पोचे आलेली भांडी मागच्या खोलीत पडून राहायची, तसे ते पडून राहतात. गिऱ्हाईक घेत नाही आणि मोडीत घालायला आपला हात धजत नाही.

पूर्वी मला किस्सा सांगावाच लागायचा नाही. मी नुसतं "तो बैल" म्हणालो की रज्जाकभाई हसायला लागायचे आणि बिराजदार सर म्हणायचे, "पुरे, पोटात दुखतंय." आता "तो बैल" म्हटलं तर समोरचा विचारतो, कोणता बैल? मग पहिल्यापासून सांगावं लागतं. आम्ही चौघं होतो, त्यातला मी एकटा उरलो. म्हातारपणाचा बाकी त्रास काही नाही, हाच आहे. बसा, चहा सांगितलाय.

तर हे सगळं लातूरचं. उस्मानाबादमधून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला ते वर्ष. गावात कमानी, पताका, पेढे. आणि पावसानं नेमकी त्याच वर्षी दडी मारलेली. जिल्हा मिळाला, पाणी गेलं. आमचे वडील म्हणायचे, "सून आली आणि सासू रुसली."

*

पहिल्यांदा फळ्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गोलाईच्या बाजारपेठेच्या अलीकडच्या बोळात रज्जाकभाईंचं रेडिओ-घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या भिंतीवर एक मोठा काळा फळा. त्यावर आम्ही रोज सकाळी बातम्या लिहायचो. रज्जाकभाई दिवसभर रेडिओ ऐकायचे. देशोदेशीचे, उर्दूतले, हिंदीतले. त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेला रेडिओ आठ-आठ दिवस परत मिळायचा नाही. गिऱ्हाईक तक्रार करायला लागलं की म्हणायचे, "अरे मियाँ, नीट झालाय का ते ऐकून बघायला नक्को?"

बिराजदार सर शाळेत गणित शिकवायचे. कोणती बातमी घ्यायची ते सर ठरवायचे. लिहायचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं. माझ्यात चांगलं तेवढंच होतं. धंद्यात लक्ष नव्हतं. वडील म्हणायचे, "मन्मथच्या हातात तराजू दिला तर हा त्याच्यावर नक्षी काढंल."

जिल्हा व्हायच्या दहाएक वर्षं आधी शेजारच्या देशाशी एक लढाई झाली होती, तेव्हाची गोष्ट. आपला रेडिओ रोज सांगायचा की त्यांची इतकी विमानं पाडली. त्यांचा रेडिओ सांगायचा की आपली तितकी पाडली. सरांनी दोन्ही आकडे रोज लिहून ठेवले आणि एका सकाळी बेरीज करून खाली मला लिहायला लावलं, "दोन्ही खरं धरलं तर आकाशात आता फक्त पाखरं उरली आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळा शेणानं माखलेला! गावाला विजय हवा होता आणि आम्ही गणित दिलं होतं. मी घाबरलो. सर शांतपणे म्हणाले, "सारवून दिलाय. आता फळा शुद्ध झाला."

पण त्या दिवशीपासून एक नियम झाला. दोन वेगळ्या ठिकाणांहून कळल्याशिवाय कोणतीही बातमी फळ्यावर जाणार नाही. आपल्या बाजूची असो, त्यांच्या बाजूची असो. एकाच ठिकाणाहून आली तर थांबायचं.

*

चौथे म्हणजे हवालदार. नाव किशनराव, पण सगळे हवालदारच म्हणायचे. हदगावकडच्या एका खेड्यातले. फौजेतून निवृत्त होऊन लातूरच्या तेलगिरणीवर राखणदार म्हणून आलेले. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. गिरणीच्या मागं एक खोली, तिच्यात एक खाट, एक ट्रंक आणि खुंटीवर एक दोर.

पहिल्या दिवशी आले, सगळा फळा वाचला आणि मला विचारलं, "गाझाचं काई न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "कुठलं?"

खरं सांगतो, मला तेव्हा गाझा माहीत नव्हतं. मला उस्मानाबादच्या पलीकडचं फारसं काही माहीत नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या देशानं दोन बाजूंच्या मध्ये उभं राहायला फौज पाठवली होती, निळ्या टोप्या घालून. हवालदार त्यात होते. त्यांच्या चौकीला लागून संत्र्याची बाग होती आणि बागेत विहीर. बागेचा मालक अबू सलीम. त्याची बायको, तीन लेकरं. ह्यांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला ह्यांची येत नव्हती. वर्षभर रोज त्याच विहिरीचं पाणी ह्यांनी शेंदलं आणि रोज एकमेकांना हातानं सांगून गप्पा मारल्या.

एक दिवस अचानक निघायचा हुकूम आला. ट्रक उभे, सामान बांधायची घाई, आणि ह्यांच्या वळकटीची दोरी तुटली. अबू सलीमनं आपल्या विहिरीचा दोर सोडून दिला. हवालदारांना वाटलं, पुढच्या तळावर उतरलो की कुणाच्या तरी हाती परत पाठवू. ट्रक थांबलेच नाहीत. थोड्या दिवसांनी तिथं लढाई पेटली.

"त्येचा दोर माझ्याकडंच ऱ्हायला, अप्पा," ते म्हणाले. "लढाईत पैलं काय लागतंय? पानी. लेकरं होती घरात. त्येनं कशानं शेंदलं आसंल?"

बस्स, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. ती माणसं जगली का, आणि पाणी कशानं काढलं. ते वर्षाला एक पत्र पाठवायचे. रज्जाकभाई उर्दूत लिहायचे, मशिदीतले मौलवीसाहेब त्याचं अरबी करून द्यायचे. उत्तर कधी आलं नाही. पाकीट परतही आलं नाही.

मी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली वीतभर जागा रिकामी सोडायला लागलो. गाझाची बातमी आली तर तिथं लिहायची. ते रोज सकाळी पाळी संपवून यायचे, पहिल्यांदा तो कोपरा बघायचे, मग बाकीचं. लोक विचारायचे, इथं काय राहिलं? मी म्हणायचो, हवालदाराची जागा.

*

नवा जिल्हा म्हटल्यावर नवी ऑफिसं आली. एका ऑफिसातला माणूस टाइप केलेला कागद घेऊन फळ्यापाशी आला. अगदी अदबीनं म्हणाला, लोकांचं मनोधैर्य राखायला पाहिजे, तेव्हा एवढं लिहून टाका. कागदावर होतं, "शहरात पिण्याच्या पाण्याची कोणतीही टंचाई नाही."

सरांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, लिहितो की. फक्त आमचा एक नियम आहे, दुसऱ्या ठिकाणाहूनही कळायला पाहिजे. तो म्हणाला, आता दुसरं ठिकाण कुठलं?

सर त्याला हाताला धरून बोळाच्या आडावर घेऊन गेले. पोहरा सोडला. तो खाली कुठंतरी दगडावर वाजला. वर ओढला तर बुडाला बोटभर चिखल. सरांनी तो पोहरा त्या माणसाच्या हातात दिला आणि परत आले.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, आणि खाली, "आडाकडून दुजोरा मिळाला नाही."

*

त्याच दिवसांत शाळेच्या मैदानावर फौजेच्या भरतीचा मोठा कार्यक्रम झाला. पडद्यावर रणगाड्यांचा सिनेमा, लाउडस्पीकरवर गाणी. दुष्काळात पोरांना दुसरं काम कुठलं? लांबून लांबून पोरं आलेली, पायात चप्पल नसलेली. नव्या जिल्ह्यातून इतके वीर गेले असं छापायचं होतं, त्यामुळे वर्दीतला निवृत्त माणूस व्यासपीठावर पाहिजे होता. हवालदारांना धरून नेलं आणि शौर्याचा एखादा प्रसंग सांगा म्हणून माइक हातात दिला.

हवालदार उभे राहिले. म्हणाले, "म्या वरीसभर गाझात होतो. येक गोळी झाडली न्हाई."

लोक पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य तेच होतं! आयोजक कुजबुजले, एखादा धोक्याचा प्रसंग सांगा. मग त्यांनी सांगितलं की एकदा एक लेकरू तारेच्या कुंपणात अडकलं होतं, दोन्हीकडून बंदुका रोखलेल्या, तेव्हा आपली बंदूक खाली ठेवून ते त्या लेकराला काढायला गेले. बंदूक जवळ नव्हती त्या दहा पावलांत जेवढी भीती वाटली तेवढी कधी वाटली नाही.

पुढच्या रांगेतल्या एका पोरानं विचारलं, "मग बंदूक दिलीच कशाला व्हती?"

"पुसायला," हवालदार म्हणाले. "रोज पुसावी लागायची."

त्यानंतर एकदम गाणं सुरू झालं.

*

आता तो बैल.

त्या पावसाळ्यात बैरूतला वेढा पडला होता. पॅलेस्टिनी माणसांच्या छावण्या, वस्त्या, वरून बॉम्ब. रज्जाकभाई ऐकून ऐकून काळवंडत चालले होते. आपलं सरकारही तेव्हा उघडपणे त्यांच्या बाजूनं बोलायचं, म्हणून आम्हाला वाटलं, लातूरनंही काहीतरी केलं पाहिजे. ठरलं की युद्धाचा निषेध करायचा, पुठ्ठ्याची एक तोफ करायची आणि चौकात जाळायची. रंगकाम माझं. तोफेच्या आत भरायला सरांनी कुठून तरी कडब्याच्या दोन पेंढ्या मिळवल्या.

चौकात आम्ही चौघं आणि पंचवीस-तीस बघे. रज्जाकभाईंनी काडी ओढली. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा शेतकरी बैलाला ओढत पुढं आला. बैलाच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. पोळा तोंडावर आलेला आणि त्या बैलाच्या अंगावर झूल टाकली असती तर तो झुलीखाली बसला असता.

म्हातारा हात जोडून म्हणाला, "मालक, आत कडबा हाय ना? मग जाळता कशाला?"

रज्जाकभाईंच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. त्यांनी ती फुंकली आणि तोफेचा पुठ्ठा स्वतःच्या हातानं फाडला. बैलानं आधी तोंडाकडचा भाग खाल्ला, मग चाकं. पुठ्ठासुद्धा थोडा चघळला.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, "लातुरात बैलाने तोफ खाल्ली." सरांनी नियमाप्रमाणे विचारलं, दोन ठिकाणांहून कळलं का? रज्जाकभाई म्हणाले, "हौ. मालकानं बघितलं, आणि बैलानं तक्रार केली नाही."

रज्जाकभाई ह्यावर वीस वर्षं हसले. शेवटी दवाखान्यात असताना मी त्यांच्या कानाशी "तो बैल" म्हणालो, तेव्हाही ओठ हलले होते.

*

पुढं बातमी आली की वेढ्यातल्या वस्त्यांचं पाणी तोडलं आहे. दोन रेडिओंवर ऐकली, मगच लिहिली. त्या दिवशी हवालदार फळ्यापुढून हललेच नाहीत. निवेदन द्यायला मोर्चा काढायचं त्यांनीच सुचवलं.

मोर्चा म्हणजे आम्ही चौघं आणि एक कापडी फलक. मला तर लाज वाटत होती. माझ्या ओळखीचे दुकानदार दारात उभं राहून बघत होते. एकजण ओरडला, "मन्मथअप्पा, बैरूतला उधारीवर भांडी दिलीत का?"

पुढच्या गल्लीत बायका रिकाम्या घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या. टँकर दोन दिवस आला नव्हता. आमचा फलक त्यांना वाचता येईना, पण कुणीतरी निघालंय म्हटल्यावर त्याही उठल्या. त्यांचं बघून पुढच्या गल्लीतल्या उठल्या. कलेक्टर ऑफिसपर्यंत पोचलो तोवर आमच्या मागं दोनेकशे बायका आणि घागरींचा असा आवाज की काय सांगू! त्यातल्या निम्म्या घागरी आमच्याच दुकानातल्या होत्या.

साहेब घाईघाईनं बाहेर आले. निवेदन हातात घेतलं, वाचलं नाही, आणि मोठ्यानं जाहीर केलं की उद्या सकाळपर्यंत पाणी नक्की पोचेल.

सरांनी विचारलं, "बैरूतला?"

साहेबांनी मग कागद वाचला. बायकांनाही तेव्हाच कळलं की मोर्चा त्यांच्या पाण्याचा नव्हता. मला वाटलं, आता घागरी आमच्या डोक्यात पडणार. गंगाबाई म्हणून आमच्या बोळातली एक म्हातारी होती, तोंडाची फटकळ. ती पुढं आली आणि मला म्हणाली, "मग कुनाचं पानी मागायलास रं?"

मी सांगितलं. लांबचा देश आहे, लढाई चालू आहे, वेढा घातलाय, बायालेकरं आत आहेत आणि बाहेरच्यांनी पाणी बंद केलंय.

तिनं घागर खाली ठेवली. मग म्हणाली, "भांडन आसंल तर आसू द्या. पर पानी तोडत आसतेत व्हय? आडावरून तर वैऱ्यालाबी हाकलत न्हाईत."

आणि तिनं व्हरांड्यातल्या कारकुनाच्या टेबलावरचं शाईचं पॅड ओढून निवेदनावर अंगठा उमटवला. तिच्यामागं बाकीच्यांनी. कागद पुरला नाही तेव्हा मागच्या बाजूला, मग फलकाच्या कापडावर. साहेब नुसते बघत होते.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आमच्या बोळात. बैरूतला त्या कागदाचं काय झालं ते तुम्हीच समजून घ्या.

*

महिन्याभरानं तिथल्या छावण्यांमधल्या कत्तलीची बातमी आली. दोन ठिकाणांची वाट बघायची वेळच आली नाही, सगळे रेडिओ तेच सांगत होते. मी सगळा फळा पुसला, एकच ओळ लिहिली आणि दुकानात जाऊन बसलो.

हवालदार आले. कोपरा बघितला. मला विचारलं, "ह्ये गाझा न्हाई ना?"

मी म्हटलं, नाही, हे दुसरीकडं, लेबनॉनमध्ये.

"पर मानसं तिकडलीच ना? घर सोडून गेलेली?"

मी नुसती मान हलवली. त्यानंतर त्यांचं जेवण तुटलं. फळ्यापाशी यायचे, कोपरा बघायचे आणि निघून जायचे.

दिवाळीनंतर कोरडा आड आणखी खोल खणला, पण पाणी लागलं ते फार खाली. दोर पुरेना. बायका दोराला दोर जोडत होत्या, बैलाचे कासरे जोडत होत्या, लुगड्याचे पदर पिळून जोडून बघत होत्या. दोन-तीन पुरुष लांबी कमी पडत होती आणि गावात दोर मिळेनासे झालेले. गंगाबाईला आठवलं की हवालदाराच्या खुंटीला चांगला लांबलचक दोर आहे. ती मागायला गेली.

हवालदार नाही म्हणाले. दुसऱ्याची वस्तू आहे, म्हणाले.

बोळात गहजब झाला. जो माणूस परक्यांच्या पाण्यासाठी मोर्चा काढतो, तो शेजारणींना दोर देत नाही! गंगाबाईनं दारात उभं राहून नाही नाही ते ऐकवलं. हवालदारांनी खाली मान घालून सगळं ऐकलं आणि दार लावून घेतलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो तर अंगात ताप, आणि दोर खुंटीवर तसाच. मला म्हणाले, "ती खरं बोलली, अप्पा. पर त्येनं इचारलं तर काय सांगू?"

मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. आता येत नाही. आता माझ्याही घरात दोघांच्या वस्तू आहेत, कोणी मागायला येत नाही एवढंच. सरांचा चष्मा आहे. रज्जाकभाईंचा एक रेडिओ आहे, चालू होत नाही, दुरुस्त करणारे तेच होते. हवालदार गावाकडं हदगावला गेले आणि तिकडंच वारले. मला पंधरा दिवसांनी कळलं, आणि तेही एकाच ठिकाणाहून. फळ्याच्या जागी आता पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. मोबाइलवर दिवसभर बातम्या येतात, मी दुसऱ्या ठिकाणाची वाट बघत बसतो, तोवर लोकांची भांडणं होऊन मिटलेलीही असतात. आणि आता तर रोजच गाझाचं नाव येतं. वीतभर जागा कुठली पुरायला? नाव ऐकलं की मी चटकन मागं वळून बघतो, कुणाला तरी सांगायला. मागं भिंत असते.

असू द्या. शेवटचा राहिला तो सांगतो.

*

हवालदारांचा ताप उतरेना तेव्हा आम्ही तिघांनी एक उद्योग केला. कल्पना रज्जाकभाईंची. त्यांचा साडू कुवेतला कामाला होता. पॅलेस्टिनी माणसं तिथं खूप. साडूनं तिथल्या एखाद्या अरब कारकुनाकडून अरबीत पत्र लिहून घ्यायचं आणि टाकायचं. अबू सलीमच्या थोरल्या मुलाचं पत्र, कुवेतला नोकरीला आहे म्हणून.

सरांना ते पटेना. म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्यांचा खोटेपणा पकडला आणि आता आपणच? रज्जाकभाई म्हणाले, "सर, हे आपल्याला फळ्यावर थोडंच लिहायचंय." सरांनी माझ्यापुढं कोरा कागद सरकवला. मजकूर मी तयार केला. सगळे जिवंत आहेत. वडील थकलेत पण बागेत जातात. तुमची पत्रं उशिरा मिळाली. आणि दोराची काळजी करू नका, घरात दुसरा दोर होता.

संक्रांतीच्या आसपास पत्र आलं. खरं तिकीट, खरा शिक्का. आम्ही हवालदारांना मौलवीसाहेबांकडं नेलं. मौलवीसाहेबांना आमचा उद्योग ठाऊक नव्हता, त्यांनी जे होतं ते आपल्या भाषेत वाचून दाखवलं. हवालदार मांडी घालून, हात जोडून ऐकत होते. पत्र संपल्यावर म्हणाले, "दोराचं तेवढं पुन्हा वाचा."

मौलवीसाहेबांनी वाचलं.

"आनखी एकदा."

त्या दिवशी संध्याकाळी ते उठले, खुंटीवरचा दोर काढला आणि आडावर गेले. बायकांनी वाट दिली. त्यांनी स्वतःच्या हातानं तो दोर आडाच्या दोराला जोडला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि पोहरा सोडला. पाण्याचा आवाज आला. पहिली घागर गंगाबाईची भरली. ती पदरानं डोळे पुसत गेली. रज्जाकभाईंनी माझा हात इतका दाबला की बोटं दुखली. मला तर वाटत होतं, आयुष्यात मी हे एकच काम नीट केलं.

खोटं सांगायचं नाही, त्या आनंदात मलाच ते पत्र खरं वाटायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळा लिहिला, बाकीच्या बातम्या संपवल्या आणि खाली बसून हवालदाराच्या जागेत लिहायला लागलो. "गाझा : अबू सलीम यांचे कुटुंब" इथपर्यंत आलो. सर आणि रज्जाकभाई मागं उभे होते. त्यांनीही मला अडवलं नाही.

हवालदार कितीतरी दिवसांनी पाळी संपवून आले. दाढी केलेली, कपडे धुतलेले. माझ्या शेजारी उकिडवे बसले, लिहिलेलं वाचलं आणि माझ्या हातातला खडू हळूच काढून घेतला.

"न्हाई, अप्पा," ते म्हणाले. "येकाच ठिकानाहून आलंय."

मग बाहीनं ती ओळ पुसली, नीट, अक्षराचा मागमूस न ठेवता, आणि खडू माझ्या तळहातावर परत ठेवला.

"दुसरीकडून येऊ द्या. तवर जागा तशीच ठिवा."